शेऱ्याचा रकाना

दांडिया बाजारात निरुपमाबाईंचं वधू-वर मंडळ होतं. मंडळ म्हणजे त्यांची बाहेरची खोली, दोन बाकं आणि त्या स्वतः. बडोद्यात मराठी माणूस तसा गल्लोगल्ली सापडतो, पण घरातली मुलगी लग्नाची झाली की ही वस्ती एकाएकी फार लहान वाटायला लागते. मग कारेलीबागेतून, समाकडून, मकरपुऱ्याकडून लोक स्कूटरवरून यायचे. जुन्या फौजी घराण्यांतले मराठे यायचे, रेल्वेत आणि रिफायनरीत नोकरीसाठी आलेली महाराष्ट्रातली माणसं यायची. निरुपमाबाई जात विचारायच्या, कारण समोरच्याला ती हवी असायची. पण बसायची बाकं सगळ्यांना एकच होती.

त्यांची एक पद्धत होती. फोटो, शिक्षण, नोकरी, पत्रिका हे त्या लगेच दाखवत. पण प्रत्येक घरात काहीतरी असतंच. कुणाचं आधी ठरून मोडलेलं, कुणाचा भाऊ दारू पिणारा, कुणाच्या अंगावर कोड. असलं काही निरुपमाबाई स्थळाच्या कागदावर येऊ देत नसत. दोन्ही घरांची ओळख झाली, मुलामुलीला पुन्हा भेटावंसं वाटतंय असं दिसलं, की त्या स्वतः उठून जात आणि सांगत.

"लपवायचं नाही," त्या म्हणत. "पण आधी माणूस दिसू दे. मग त्याचं दुखणं दिसलं तरी चालतं."

अमोघ हा त्यांच्या भावाचा, जनार्दनचा मुलगा. रिफायनरीतल्या नोकरीमुळे जनार्दन बडोद्याला आला, बहीण आधीपासून इथे दिलेली होती, त्यामुळे अमोघचं अर्धं बालपण दांडिया बाजारातच गेलं. कच्छचा भूकंप झाला त्या वर्षी तो इंजिनीअर झाला. नोकरी लागेपर्यंत रिकामा होता, म्हणून त्याने आत्याच्या मंडळासाठी प्रोग्राम लिहायला घेतला. एका मित्राने टाकून दिलेला कॉम्प्युटर आणला, त्यावर लिनक्स घातलं आणि बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात मांडला. लोकांना नेटवरून स्थळं बघता येतील, पण सगळी माहिती आत्याच्या घरातल्या त्या डब्यातच राहील, अशी त्याची रचना होती.

आत्याने एकच गोष्ट मागितली. "मला एक जागा दे, जिथे मी माझ्यापुरतं लिहीन. दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये."

अमोघने तिला रकाना करून दिला आणि त्याला नाव दिलं शेरा.

प्रोग्राम चांगला झाला. इतका, की अमोघने तो नेटवर सगळ्यांसाठी ठेवला. आत्याला त्याने समजावून सांगितलं, की कुणीही तो घ्यावा, वापरावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. अट एवढीच, की बदललेला पुढे कुणाला दिला तर त्याच्या आतलं लिखाणही याच अटीवर द्यायचं. झाकून ठेवायचं नाही.

"म्हणजे फुकट," आत्या म्हणाली.

"फुकट नव्हे. मोकळा."

"सारू," आत्या गुजरातीत म्हणाली. "मोकळा तर मोकळा."

वर्षभरात इंदूरहून एक ई-मेल आली. दत्ताजीराव नावाचे गृहस्थ, पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले. तिथल्या मराठी समाजाच्या मंडळात त्यांनी अमोघचा प्रोग्राम बसवला होता. आधी त्यांनी चुका कळवल्या, मग स्वतःच दुरुस्त्या पाठवू लागले. दोघं कधी भेटले नाहीत, पण फोनवर तासन्‌तास बोलत. पुढे दत्ताजीरावांनी एक मोठा भाग लिहून पाठवला. त्याने शेऱ्याचा रकाना कुलूपबंद झाला. आत्याने लिहिलेलं आत साठताना निरर्थक अक्षरं होऊन साठायचं, आणि तिने आपला परवलीचा शब्द टाकला तरच वाचता यायचं.

"बाईंची आणि आमची अडचण एकच आहे," दत्ताजीराव फोनवर म्हणाले. "उद्या कुणी मशीनच उचलून नेलं तर? स्क्रीनवर दिसत नाही म्हणजे आत नाही, असं थोडंच आहे."

अमोघने तो भाग आनंदाने प्रोग्राममध्ये घातला. वर दोघांची नावं आली.

मशीन चालवणं मात्र प्रोग्राम लिहिण्याइतकं मजेचं नव्हतं. लाइट गेली की ते बंद पडायचं आणि आत्याला सुरू करता यायचं नाही. उन्हाळ्यात पंखा अडकायचा. एकदा उंदराने वायर कुरतडली. ब्रॉडबँड आलं, तर फोनवाल्यांनी मशीनचा नेटवरचा नंबर बदलला आणि साइट दिसेनाशी झाली. अमोघला तोवर मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली होती, लग्न झालं होतं, मुलगी झाली होती. दर रविवारी सकाळी आत्याचा फोन ठरलेला. "अमोघ, ते पुन्हा रुसलंय रे. तुला फावेल तेव्हा ये." फावेल तेव्हा म्हणजे आत्ता, हे दोघांनाही माहीत असायचं. तो जायचा. येताना सेव-उसळ बांधून आणायचा, पण बायकोच्या चेहऱ्यावरचं त्याला कळायचं.

अशातच अविनाशचा फोन आला. अविनाश कॉलेजात त्याच्या वर्गात होता, आता मुंबईच्या एका कंपनीत होता. ती कंपनी निरनिराळ्या समाजांच्या वधू-वर मंडळांना साइट चालवून द्यायची, वर्षाची वर्गणी घ्यायची. अविनाश बडोद्याला आला, बाहेरच्या खोलीतल्या बाकावर बसून त्याने प्रोग्राम नीट बघितला.

"तू हे लिहिलंस आणि वाटून टाकलंस," तो म्हणाला. "आम्हाला हेच हवंय. पण तुझ्या त्या अटीवर नको. आम्ही यावर काम करणार आणि ते सगळ्यांना उघडं करायचं, हे आमच्याकडे कुणी मान्य करणार नाही. तू लेखक आहेस, आम्हाला वेगळं लायसन्स दे. त्या बदल्यात आत्यांचं मंडळ आमच्या सर्व्हरवर कायमचं, एक पैसा न घेता. लाइट जाणार नाही, काही नाही."

अमोघला त्यात वाईट काही दिसलं नाही. मोकळा प्रोग्राम मोकळाच राहणार होता. कंपनीला फक्त वेगळ्या अटीवर एक प्रत. आणि रविवार परत मिळणार होते. मुंबईच्या कंपनीला आपला प्रोग्राम हवासा वाटला याचाही आनंद होता, तो त्याने कुणाला बोलून दाखवला नाही.

अडचण एकच होती. कुलपाचा भाग दत्ताजीरावांचा होता. तो वेगळ्या अटीवर देण्याचा हक्क अमोघला नव्हता. त्याने इंदूरला फोन लावला.

दत्ताजीराव बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "नाही, अमोघ. माझं नको त्यात."

"तुमचं नाव राहील. कंपनी लेखी देतेय."

"नावाचं नाही. मी ते ज्या अटीवर तुम्हाला दिलं, त्याच अटीवर ते जगात राहू दे. तुमचं तुम्ही द्या, तुमचा हक्क आहे. माझं काढून द्या."

अमोघला राग आला. म्हाताऱ्याचा हट्ट, असं त्याने अविनाशला सांगितलं. अविनाश म्हणाला, काढून टाक, कुलूप आमची माणसं करतील, आमच्याकडे ते सगळं आहे.

म्हणून अमोघने दत्ताजीरावांचा भाग वेगळा केला. तो काढायचा तर त्या कुलपाने बंद केलेले सगळे शेरे आधी उघडावे लागणार होते, नाहीतर नुसती निरर्थक अक्षरं उरली असती. त्याने आत्याला परवलीचा शब्द टाकायला सांगितला. ती चष्मा लावून आली आणि तिने तो टाकला. कशासाठी, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आपण स्वतः दुसरं कुलूप लिहून मगच माहिती पाठवावी, असं त्याच्या मनात आलं होतं. आठवडाभराचं काम होतं. पण अविनाशकडून रोज विचारणा होत होती, म्हणून ते राहिलं.

"हे तिकडे गेलं की तू रविवारी येणार नाहीस का रे?" आत्याने विचारलं.

"येईन की. गप्पा मारायला येईन."

"मग दे," आत्या म्हणाली.

पुढचं वर्ष-दीड वर्ष छान गेलं. साइट देखणी झाली, कधी बंद पडली नाही. आत्याच्या नातीने तिला लॅपटॉप दिला, त्यावर ती शेरे लिहायची. ते फक्त तिलाच दिसायचे. अमोघने एकदा अविनाशला कुलपाचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला यादीत आहे. नंतर अविनाश दुसऱ्या नोकरीत गेला. दत्ताजीरावांच्या ई-मेल येत राहिल्या, अमोघची उत्तरं तुटक होत गेली. कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला, तिथे आत्याने तुळशीवृंदावनाचं चित्र लावलं.

रविवारी अमोघ मात्र फारसा जात नसे. जायला काही कारण नव्हतं.

मग ती कंपनी विकली गेली. नव्या मालकांची लग्नं जुळवायची मोठी साइट होती, देशभर चालणारी. त्यांनी सगळ्या लहान मंडळांची माहिती एका फटक्यात आपल्याकडे ओढली. करारात तसं करायची मुभा होती. अमोघने करार वाचला होता, पण ते कलम त्याला तेव्हा नेहमीचं वाटलं होतं. नव्या साइटवर नाव, शिक्षण, उंची यांच्यासाठी ठरलेल्या जागा होत्या. ज्या रकान्याचं काय करायचं ते त्यांना कळलं नाही, तो त्यांनी 'अधिक माहिती' या मथळ्याखाली टाकून दिला. फोन नंबर बघायचा तर पैसे भरायचे. अधिक माहिती कुणालाही दिसत होती.

राजनंदिनी समामध्ये राहायची. एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिचे वडील मानसिंगराव औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. जुनं फौजी घराणं, बोलणं कमी. निरुपमाबाईंनी तिच्यासाठी पृथ्वीराज नावाचा मुलगा सुचवला होता, मूळ बडोद्याचा, पुण्यात नोकरीला. दोघांची एक भेट झाली आणि दोघांनाही ती आवडली. दुसरी भेट रविवारी ठरली.

शुक्रवारी पुण्याहून फोन आला, की मुलाचं परदेशी जायचं निघतंय, तूर्त लग्नाचा विचार नाही. मानसिंगरावांनी बरं म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी देवळात एका बाईने राजनंदिनीच्या आईला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मुलीला अजून येतात का हो फिट्स?"

साइटवर, राजनंदिनीच्या फोटोखाली, आत्याचे शब्द जसेच्या तसे होते. 'शाळेत असताना फिट्स येत. औषध बंद होऊन बरीच वर्षं झाली, डॉक्टर निश्चिंत. पोरगी गुणी. मुलाकडे मी स्वतः जाऊन सांगेन, तोवर कुणाला नको.'

आणि एकटी तीच नव्हती. मंडळातल्या सगळ्यांचं तसंच झालं होतं.

अमोघला शनिवारी सकाळी कळलं. आत्याच्या खोलीत माणसं उभी होती, बाकांवर कुणी बसलं नव्हतं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एक गृहस्थ फक्त एवढंच म्हणत होते, "निरुपमाताई, तुमच्यावर विश्वास होता म्हणून सांगितलं होतं." आत्या खुर्चीत बसून प्रत्येकाकडे बघत होती आणि मान हलवत होती.

अमोघने कंपनीला फोन लावायला सुरुवात केली. ग्राहकसेवेतल्या मुलीने त्याला सदस्य क्रमांक विचारला. आपण सदस्य नाही, आपण मूळ प्रोग्राम लिहिला, असं त्याने सांगितलं. तिने पुन्हा सदस्य क्रमांक विचारला. माहिती बदलायची असेल तर ज्याची त्याने आपल्या मोबाइलवरून प्रवेश करावा, ती म्हणाली. त्यासाठी आधी वर्गणी. त्याने ई-मेल पाठवल्या, करार उकरून काढला, अविनाशला गाठलं. अविनाशला मनापासून वाईट वाटलं, पण त्याचा आता काही संबंध नव्हता. स्वतःच्या मशीनवर हे झालं असतं तर अमोघने मागे हात घालून वायर उपटली असती. इथे उपटायला काही नव्हतं. तो रकाना दिसेनासा व्हायला काही आठवडे लागले, तोवर ज्यांना वाचायचं होतं त्यांनी वाचलं होतं.

त्या दिवसांत एकदा त्याने इंदूरचा प्रोग्राम उघडून बघितला. तो नेटवर होताच, मोकळा. दत्ताजीरावांनी कुलूप आणखी पक्कं केलं होतं. ग्वाल्हेरच्या कुणीतरी त्यात एक सोय घातली होती, की माहिती दुसरीकडे न्यायची झाली तर शेरे मागेच राहतील. हे सगळं अमोघला हवं तेव्हा घेता आलं असतं. कुणाची परवानगी मागावी लागली नसती.

त्याने दत्ताजीरावांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"त्या दिवशी मी तुम्हाला हट्टी म्हणालो," अमोघ म्हणाला. "तुमच्या तोंडावर नाही, दुसऱ्यापाशी."

"असू दे ते. मला एक राहून राहून वाटतंय," दत्ताजीराव म्हणाले. "मी नुसतं काढून द्या म्हणालो. त्याच्या जागी काय घालणार, हे मी विचारायला हवं होतं. मला माझ्या भागाचीच काळजी होती." मग त्यांनी विचारलं, "बाई कशा आहेत?"

बाई काहीच म्हणत नव्हत्या. अमोघने आत्याला सांगितलं की तो परवलीचा शब्द आपण तिच्याकडून का टाकून घेतला होता, कुलूप कसं काढलं, दुसरं घालायचं कसं राहिलं. तिने सगळं ऐकलं.

"मी विचारलं नाही ना तुला," ती म्हणाली. "तू करतोयस म्हणजे बरोबरच असेल, असं धरून चालले."

ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

दिवाळी झाल्यावर तो समाला गेला. आत्याला घेऊन जायचं त्याच्या मनात होतं, पण ती म्हणाली, "मी जाऊन आले. दारातूनच परतले."

मानसिंगरावांनी त्याला आत बोलावलं. "या, बसा," म्हणाले. पाणी आलं, चहा आला, बशीत लीलो चिवडा आला. अमोघने जे सांगायचं ते सांगितलं, तेव्हा ते खिडकीकडे बघत होते. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "चहा घ्या, निवतोय." आणि उठून आत गेले.

राजनंदिनी समोर बसली होती.

"अमोघभाई, त्याला कळलं याचं मला काही नाही," ती म्हणाली. "त्याला कळायचंच होतं. निरुपमाताई म्हणाल्या होत्या, मी जाऊन सांगते. मी त्यांना म्हटलं, नको, या वेळी मी सांगेन. रविवारी. कसं सांगायचं ते मी ठरवलं होतं. आधी शाळेतली एक गंमत सांगणार होते, मग हे. त्याने ऐकून नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ते माझ्या तोंडून जायला हवं होतं."

अमोघने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"त्याने नंतर फोन केला होता," ती म्हणाली. "बहिणीने वाचून दाखवलं म्हणाला. मला तेव्हा ते वाक्यच आठवेना. इतक्या वेळा मनात म्हणून बघितलं होतं."

निघताना त्याने विचारलं, मी काही करू शकतो का. ती म्हणाली, "माझं नाव आता कुठेच घालू नका. तुमच्यात नको आणि दुसऱ्यांतही नको." तिने हे शांतपणे सांगितलं आणि त्याला फाटकापर्यंत सोडायला आली.

मंडळ बंद करते असं निरुपमाबाईंनी कधी जाहीर केलं नाही. लोक यायचे कमी झाले आणि मग थांबले. रस्त्यात कुणी विचारलं तर त्या म्हणत, "आता सगळं नेटवर असतं ने, तिथे बघा." अमोघने नवीन मशीन आणून मांडायची तयारी दाखवली. इंदूरचा प्रोग्राम, पक्कं कुलूप, सगळं घरात. "लाइट गेली तर मी येईन," तो म्हणाला. आत्या हसली. "मशीन येईल रे," ती म्हणाली. "माझ्यापाशी मनातलं सांगायला आता कोण येणार आहे?"

तो पुन्हा रविवारी जाऊ लागला. दोघं बाहेरच्या खोलीत बसत. कधी बोलत, कधी ती पेपर वाचून दाखवायची.

अशाच एका रविवारी तिने विचारलं, "ते इंदूरचे चालवतात ना अजून?"

"चालवतात. ग्वाल्हेर, देवास, अगदी तंजावरपर्यंत गेलाय तो. इथेच तेवढा नाही."

"मग त्यांना विचार ना एखादं स्थळ. राजनंदिनीसाठी. तिकडे तिला कुणी ओळखत नाही. मी सांगेन त्यांना फोनवर काय सांगायचं ते, चांगलं सांगेन." ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जुनी लगबग आली होती.

अमोघला ते सांगणं भाग होतं. "आत्या, तिने आपलं नाव कुठेच घालायचं नाही म्हणून सांगितलंय. कुठेच."

आत्या पुन्हा खुर्चीत मागे टेकली. बाहेर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

"बरोबर आहे तिचं," ती शेवटी म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.